दोन जांभळ्या रेषा

पिंपळदऱ्याच्या फ्युजन केंद्रात स्वरूपा शिंगटेला सगळे 'भिंतीच्या बाई' म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत. नव्याने रुजू झालेल्या माणसाला तर बरेच दिवस तिचं खरं नावही कळत नसे. तिला त्याचं काही वाटत नसे. बाकी सगळे दहा कोटी अंशांना तापलेल्या हायड्रोजन वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या मागे होते. फोटो त्याचे, भाषणं त्याच्यावर. पण तो प्लाझ्मा ज्या पोलादी कोठीत राहायचा तिची आतली भिंत स्वच्छ आहे की नाही, हे पाहणारी ती एकटी. पाहुण्याचं कौतुक व्हायचं आणि घर झाडणाऱ्याचं नाही, ही रीत तशी जुनीच आहे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी नियंत्रण कक्षात आणखी एक शॉट संपला. शॉट म्हणजे प्लाझ्मा पेटवून तो धरून ठेवायचा एक प्रयत्न. गेल्या पंधरवड्यातल्या सगळ्या शॉटचं झालं तेच ह्याचं झालं. प्लाझ्मा पेटला, तापला, जरा कुठे रंगात येतोय म्हणेपर्यंत कडेने गारठला आणि विझला.

यंत्र चालवणारी रुक्साना इनामदार खुर्चीत रेलली. "गेला. बाई, तुमच्या भिंतीनं खाल्ला बघा ह्यालापण."

"वर्णपट दाखव," स्वरूपा म्हणाली.

पडद्याच्या डाव्या टोकाला, जिथे काहीच असायला नको होतं, तिथे दोन जांभळ्या रेषा शेजारी शेजारी उभ्या होत्या. कुठलंही मूलद्रव्य तापलं की आपल्या ठरलेल्या रंगांतच उजळतं. तिथे खोटं बोलायची सोय नाही. ही जोडी कॅल्शियमची होती.

"कॅल्शियम?" रुक्साना पुढे वाकली. "आपल्या भट्टीत हे कुठून आलं?"

हे कुठून येऊ शकतं ते स्वरूपाला ठाऊक होतं, आणि तेच नेमकं नको होतं.

केंद्र बघायला येणाऱ्या शाळांच्या मुलांना सांगतात की चुंबकांनी प्लाझ्मा अधांतरी धरलेला असतो, तो भिंतीला शिवतसुद्धा नाही. हे अर्धंच खरं. थोडे कण सतत निसटतात आणि भिंतीवर जाऊन आपटतात. भिंत ते पिऊन टाकते आणि थोड्या वेळाने गार करून परत सोडते. त्यांच्यासोबत तिच्यात मुरलेलं पाणी, ऑक्सिजन, कुणाच्या बोटाचं तेल, जे असेल ते बाहेर पडतं. ही गार मंडळी प्लाझ्माच्या कडेला गर्दी करतात आणि कड थंड पडते. एकदा कड थंड पडली की आतली ऊब टिकत नाही. त्यातून हायड्रोजनपेक्षा जड अणू आत शिरले तर ते मिळालेली उष्णता प्रकाश म्हणून उधळून टाकतात. आणि फ्युजनचं सारं गणित तर उष्णता किती वेळ टिकते ह्यावरच उभं आहे.

म्हणून कोठी बंद केल्यावर आधी भिंत भाजतात, मग हेलियमच्या मंद विद्युत-झोताने घासतात आणि शेवटी तिच्यावर बोरॉनचा पातळ थर चढवतात. तो थर ऑक्सिजनला पकडून ठेवतो. केंद्रात ह्या सगळ्याला 'भिंत मुरवणं' म्हणत. नव्या बिडाच्या तव्यावरून पहिलं घावन कधी धड सुटलंय? तवा मुरावा लागतो, तशी भिंतही.

स्वरूपाने ह्या वेळी भिंत नीट मुरवली होती. तरीही रेषा उभ्या होत्या.

"कॅल्शियम दोनच ठिकाणांहून येऊ शकतं," तिने संचालक डॉ. अच्युत केळुसकरांच्या खोलीत सांगितलं. "एक म्हणजे विद्युतरोधक खांब. ते ज्या लुकणाने चिकटवलेत त्यात कॅल्शियम आहे. खांब तडकला असेल तर लुकण बाहेर येतंय. तसं असेल तर कोठी उघडावी लागेल."

"आणि उघडली तर?" केळुसकरांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"हवा आत. सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुढची दिवाळी उजाडेल."

वरून हुकूम होता की होळीच्या आत सलग वीज देऊन दाखवा, नाहीतर केंद्राला कुलूप. भाजणं, घासणं, सहाशे माणसांचं काम, सगळं त्या कुलपाआड जाणार होतं.

"आणि तडा असून आपण न उघडता शक्ती वाढवली तर त्या फटीतून ठिणगी उडेल. चुंबकाचं एक वेटोळं वितळलं तरी यंत्र मोडीत काढावं लागेल," ती म्हणाली.

"दुसरं ठिकाण कोणतं?"

"घाण. कोणीतरी आत काही नेलं असेल. तसं असेल तर चिंता नाही, कोठी न उघडता खरवडून काढता येईल."

केळुसकर मूळचे मालवणचे. अंगाने वाळके, शिस्तीला कडक. हातमोजा जरा फाटलेला दिसला तर माणसाला घरी पाठवत. आवारात तंबाखूला बंदी घालणाऱ्या पाट्या त्यांनी स्वतः उभं राहून ठोकून घेतल्या होत्या. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "कोठी बंद केली तो दिवस कोणता होता गो?"

स्वरूपाला तो दिवस आठवला. "खंडेनवमी."

"त्या दिवशी मार्तंड हत्यारांची पूजा करतो. कुंकू लावतो. कुंकू म्हणजे काय? हळद आणि चुना. चुना म्हणजे कॅल्शियम." ते जरा थांबले. "आतल्या फिटरांचा मुकादम तोच होता. तू घरी जाऊन विचार. तो हो म्हणाला तर आपण सगळे सुटलो."

मार्तंड शिंगटे म्हणजे स्वरूपाचा नवरा.

त्यांचं लग्न जुळलं तेही ह्याच कोठीत. ती आतल्या भिंतीवरच्या फरशा तपासायची, तो त्या बसवायचा, आणि दोघांना वाकून वाकून पाठदुखी एकदमच सुरू झाली. इंजिनियर पोरीने फिटर केला म्हणून तिच्या आत्याने वर्षभर नाक मुरडलं होतं. स्वरूपाने ते कधी मनावर घेतलं नाही.

मार्तंड कांदा चिरत होता. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, "कुंकू आत लावलंस?"

"न्हाय. बाहेर लावलं, वर्कशॉपात. आत मी अंगठीसुदिक घालून जात न्हाय, तुला ठावं हाय."

"अगदी चुकूनही? बोटाला लागलेलं असेल—"

"हात धुतले, मोजे घातले, मग गेलो."

भाकरी झाली, जेवण झालं. दोघं भांडी घासत असताना तिच्या तोंडून निघूनच गेलं, "मार्तंड, खरंच नाही ना?"

तो पाणी बंद करून तिच्याकडे वळला. "तीनदा इचारलंस. म्हंजे उत्तर तुझ्यापाशी तयार हाय. मी निसतं ते म्हणायचं बाकी हाय."

ती नाही म्हणाली, पण ते तिला ठामपणे म्हणता आलं नाही. तिला तो हो म्हणायला हवा होता. तो हो म्हणाला की खांब शाबूत, यंत्र शाबूत, सगळ्यांचं काम शाबूत. एक चिमूट कुंकू एवढ्या सगळ्यांना वाचवणार होतं.

सकाळी ती निघताना तो दारात उभा राहिला. "जा, सांग साहेबांना. मीच लावलं. कोठीच्या दाराशी, आतनं, पाच बोटं."

"बरं झालं!" स्वरूपा म्हणाली.

हे दोन शब्द तिच्या तोंडून इतक्या पटकन आणि इतक्या मोकळेपणाने निघाले की तिचं तिलाच दचकायला झालं. मार्तंडने जोडे घातले आणि तो तिच्या आधी बाहेर पडला.

केळुसकरांनी कबुली ऐकली आणि खुर्चीत असे टेकले की जणू चार दिवसांत पहिल्यांदाच बसले असावेत. "त्याला निलंबित करावं लागेल. नियम म्हणजे नियम. तू वाईट वाटून घेऊ नकोस, चौकशी मी लवकर उरकतो. आणि आता उद्यापासून शक्ती वाढवू."

'शक्ती वाढवू' हे ऐकल्याबरोबर स्वरूपा भानावर आली. आतापर्यंत ती बायको म्हणून ऐकत होती. आता भिंतीची बाई म्हणून ऐकू लागली. मार्तंडने खरं सांगितलं असेल तर शक्ती वाढवायला हरकत नव्हती. पण खोटं असेल तर? नुसत्या तिच्या समाधानासाठी म्हणाला असेल तर? मग खांब तडकलेला असायचा आणि उद्याच ठिणगी उडायची.

"एक दिवस द्या सर," ती म्हणाली. "शक्ती कमीच ठेवून मी भिंत जागोजाग बघते. कॅल्शियम नेमकं कुठून निघतंय ते कळेल."

"कशाला? कबुली आहे ना हातात?"

"कबुली माणसाची आहे, सर. भिंतीची नाही."

केळुसकर चिडले. दिवस किती उरलेत, वरून फोन किती येतात, ते त्यांनी ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि ती उठली नाही. शेवटी त्यांनी हात उडवले. "बघ बापडे. पण एकच दिवस."

तिला ठाऊक होतं की ती आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेत होती. दाराशी कॅल्शियम सापडलं तर नवरा दोषी. नाही सापडलं तर यंत्र गेलं. ह्यात तिच्या फायद्याचं असं काहीच दिसत नव्हतं. तरी बघायला हवं होतं.

कोठीला एक लहानशी काच आहे आणि काचेमागे फिरवता येणारा आरसा. आरसा थोडा थोडा फिरवत गेलं की भिंतीचा एकेक भाग वेगळा पाहता येतो. रुक्साना छोटे छोटे शॉट देत गेली आणि स्वरूपा आरसा फिरवत गेली. सगळ्यात आधी दार.

दाराशी काहीच नव्हतं. जांभळ्याचा मागमूस नाही.

"नाही लावलं त्याने," ती पुटपुटली. तिला रडू येईल असं वाटलं आणि आलंही. तो तिच्यासाठी खोटं बोलला होता, आणि ती 'बरं झालं' म्हणाली होती.

रुक्सानाने तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. "रडा नंतर. खांब बघू आधी."

आरसा पहिल्या खांबावर गेला. काही नाही. दुसरा, काही नाही. सगळे खांब झाले आणि सगळे निर्मळ निघाले. दाराशी नाही, खांबाशी नाही, मग कॅल्शियम येतंय कुठून?

"पूर्ण चक्कर मार," स्वरूपा म्हणाली.

आतल्या बाजूच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर ते सापडलं. एका जागी नव्हतं. दोन फरशा जिथे जुळतात त्या प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं होतं. सांधा, मग कोरी फरशी, मग पुन्हा सांधा. असं कोठीभर गोल.

रुक्साना डोकं खाजवत म्हणाली, "पोरं शाळेतून येताना कुंपणाला हात लावत लावत येतात ना, तसं केलंय बघा कुणीतरी."

स्वरूपाच्या डोळ्यांसमोरून एकदम पडदा बाजूला झाला. फरशीचा सांधा असा एकच माणूस चाचपून बघतो. कोठीचं दार बंद करण्याआधी केंद्रातला सगळ्यात वरिष्ठ माणूस एकटा आत जाऊन एक चक्कर मारतो. तिला 'शेवटची फेरी' म्हणतात आणि तो मोठा मान समजतात. एखादी फरशी केसभर वर आली असेल तर प्लाझ्मा तिची कड जाळतो, म्हणून तो सांधे बघतो. आणि ती नवी असताना त्याच माणसाने तिला शिकवलं होतं : डोळा फसतो, अंगठा फसत नाही.

ती केळुसकरांच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. "सर, शेवटच्या फेरीत तुम्ही हातमोजा काढला होता?"

खिशात हात घालून केळुसकरांनी स्टीलची चपटी डबी टेबलावर ठेवली. तिला दोन्ही टोकांना झाकणं होती. एकीकडे तंबाखू, एकीकडे चुना.

"आत एकटं जायचं म्हटलं की मला अजून भीती वाटते," ते म्हणाले. "पोलादाच्या पोटात शिरल्यासारखं होतं. म्हणून आधी एक चिमूट मळतो. कुणाला ठाऊक नाही. बायकोलाही नाही. मोज्यातून सांधा कळत नाही, म्हणून अंगठा उघडा केला."

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

"तू कॅल्शियम म्हणालीस तेव्हाच."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, घरी जाऊन विचार."

त्यांनी डबी उचलून पुन्हा खाली ठेवली. स्वरूपाला राग आला, आणि तो तिने गिळला नाही. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय, सर? मार्तंडची नोकरी तुम्ही घेतलीत. माझा त्याच्यावरचा विश्वास तर मीच तुमच्या हातात आणून दिला. घाण आहे, तडा नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं; मला मात्र ते शोधायला दिवस लागला."

"माझं चुकलं गो," केळुसकर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं, त्याचं कुंकू माझा चुना झाकेल. त्याच्यावर दोष गेला तरी त्याला परत घेता येईल, माझी मात्र अब्रू जाईल. असं वाटलं खरं. सांगताना आता लाज वाटते."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कँटीनमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर तेच सांगितलं. डबी वर धरून दाखवली. पहिल्यांदा कुणीतरी मागे फिसकन हसलं, मग सगळे गप्प झाले. निलंबन रद्द केल्याचं त्यांनी तिथेच जाहीर केलं आणि शेवटची फेरी ह्यापुढे दोघांनी मिळून करायची, मी त्यात नसेन, हेही सांगितलं. पाटी लावणाऱ्यानेच पाटी मोडली, ही चर्चा पुढे बरेच दिवस पुरली. पण त्या दिवशी जेवणाच्या टेबलांवर खरी कुजबुज होती ती एवढीच, की खांब शाबूत आहेत आणि कोठी उघडायची नाही. लोक अंगावरचं ओझं उतरल्यासारखे दुसऱ्यांदा भात घेत होते.

मार्तंड मात्र आईकडे गावाला निघून गेला होता. स्वरूपाने फोन केला. सगळं सांगून झाल्यावर पलीकडून तो म्हणाला, "बेस झालं. भिंत साफ कर आधी. मग येतो." आणि फोन ठेवला. रागावलेला वाटला नाही. पण नेहमीसारखाही वाटला नाही.

तिने भिंत साफ केली. हेलियम हलका, त्याने चुना निघेना. म्हणून तिने आर्गॉनचे जड अणू सोडले, त्यांनी सांधे खरवडले. काचेतून पाहिलं की आत फिकट जांभळट उजेड मंद तेवत असायचा. तो काही कॅल्शियमचा नव्हता, आर्गॉनचा स्वतःचा होता, तरी सुरुवातीला तो रंग पाहून ती दर वेळी वर्णपट पुन्हा तपासायची. मग नवा बोरॉन चढवला. घाई करायची नाही म्हणजे नाही, असं तिने वरून फोन करणाऱ्यालाही सुनावलं. ह्या सगळ्या काळात घरी एकटीने भाकरी थापताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राही : शोधायला आरसा होता, काच होती, वर्णपट होता, पण सोबत राहणारा माणूस खरं बोलतोय हे कळायला ह्यातलं काहीच लागत नव्हतं, आणि तेवढंच तिला जमलं नव्हतं.

अखेर शॉटचा दिवस आला. मार्तंड सकाळीच गावाहून येऊन थेट पाळीवर हजर झाला होता आणि नियंत्रण कक्षात मागे भिंतीला टेकून उभा होता. तिने मान वळवून पाहिलं. त्याने नुसतीच मान हलवली.

रुक्सानाने बटण दाबलं. प्लाझ्मा पेटला, तापला. नेहमी ज्या घटकेला कड गारठायची ती घटका आली आणि गेली. पडद्याचं डावं टोक कोरंच राहिलं. आणि मग तापलेल्या कडेने एकदम कात टाकावी तसं झालं. गळती थांबली, आतली उष्णता आतच कोंडली गेली आणि आलेखाची रेघ उडी मारून वर चढली ती वरच राहिली. शॉट ठरल्या वेळी, ठरल्यासारखा, आपण होऊन थांबवला. मग रुक्सानाने अशी आरोळी ठोकली की बाहेरचा पहारेकरी आत धावला. होळीला अजून अवकाश होता. केळुसकर दाराशी उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि ते कुणाशी काही न बोलता निघून गेले.

गर्दीतून वाट काढत स्वरूपा मार्तंडपाशी आली. त्याला घेऊन ती बाहेरच्या ओट्यावर बसली.

"तू 'मीच लावलं' म्हणालास तेव्हा मला हलकं वाटलं," ती म्हणाली. "मला त्याची लाज वाटते. मला खरं नको होतं, सोयीचं हवं होतं."

"मी तेवढ्यासाठीच म्हणालो की. तुला हलकं वाटावं म्हणून." मार्तंड आपल्या तळहातांकडे बघत होता. "पर मला वाटलं हुतं, तू म्हणशील, 'जा, खोटं बोलतूयस.' एवढ्या पटकन मानशील असं न्हवतं वाटलं. ते लागलं बघ."

"हो," ती म्हणाली.

त्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं, आणि किती दिवसांनी त्याच्या मिशीत हसू दिसलं. "आता फुडं मी काय सांगितलं, तर किती येळा इचारणार?"

"एकदाच."

"नक्की?"

"नक्की."

"मग इचार बघू काहीतरी."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. पहाटेची गाडी धरून आलेला, डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. "जेवलास?"

"हो तर. पोटभर."

स्वरूपाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ती उठली, त्याचा हात धरून त्याला कँटीनमध्ये घेऊन गेली, आणि एक शब्दही न बोलता तिने दोन ताटं वाढून घेतली.